गवत परत येईपर्यंत

"दादा, तुम्ही आधी बसा," असं मी मोठ्या आदबीनं म्हणाले आणि बाभळीखाली जमलेलं अख्खं गाव खो खो हसत सुटलं.

ज्यांना मी बसायला सांगितलं ते गावाचे अध्यक्ष. सत्तरीचे, पांढऱ्या मिशांचे, हातात काठी. ते बिचारे उभेच राहिले. कमरेला फडकं बांधून बसलेल्या बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. माझं काय चुकलं ते मला कळेना. तेवढ्यात निळ्या सदऱ्यातला एक किरकोळ अंगाचा माणूस मागून वाकला आणि इंग्रजीत माझ्या कानाशी म्हणाला, "इथं स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. तू अध्यक्षांना ताई म्हणालीस."

"अगं बाई! मग भावाला काय म्हणतात?"

"काका."

"आणि आईला?"

"मामा."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळं गोत्रच उलटंपालटं! तो निळा सदरा म्हणजे झाब्लोन. संस्थेनं मला दिलेला दुभाषा, त्याच गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्या दिवसापासून तो माझा काका झाला, मी त्याची दादा झाले आणि उरलेल्या गावाची मामा कुंदा. एक शब्द मात्र दोन्हीकडे आपापल्या जागेवर होता. बाबा. तो इथंही बाबा आणि तिथंही बाबाच.

मी कुंदा खरात. माण तालुक्यातल्या मेंढपाळाची पोर. पाणलोटाचं शिक्षण घेतलं, नोकरीला लागले आणि एका संस्थेनं मला टांझानियात किसेराई नावाच्या खेड्यावर धाडलं. आता केस पिकले. पण ते खेडं अजून डोळ्यांपुढं तसंच उभं राहतं.

खाली मक्याची शेतं, झाब्लोनच्या लोकांची. वर माथ्यावर मसाई लोकांच्या शेणानं लिंपलेल्या झोपड्या. मधे एक लांबरुंद उतार. हा उतार मसाईंचा. उन्हाळ्यात त्यांची धडधाकट गुरं चाऱ्यामागं लांब लांब जात. पण वासरं, आजारी गाई, नुकत्या व्यालेल्या गाई, म्हणजे ज्यांना चालवत नाही अशी सगळी मागं राहत, ती ह्या उतारावर जगत. उतारावर गवत असेल तर वासरं वाचणार, वासरं वाचली तर दूध, आणि दुधावरच तर माणसं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. माझा बाप उभा जन्म मेंढ्यांमागं चालला होता.

पण मी गेले तेव्हा उताराची पार कातडी निघाली होती. जागोजागी घळी पडलेल्या. पाऊस आला की लाल माती लोंढ्यानं खाली जाई आणि मक्याचे कोंब गाडून टाकी. वरच्यांचं गवत गेलं, खालच्यांचं पीक गेलं, आणि दोघंही एकमेकांच्या नावानं बोटं मोडत होती. पहिल्याच आठवड्यात मी एका घळीच्या कडेवरून घसरले ते थेट आत. झाब्लोननं हात देऊन वर ओढलं. धापा टाकत मी हसून म्हणाले, "काका, मला वाचवा!" त्यानं अर्थ विचारला. म्हटलं, आमच्याकडे एका पोरसवदा राजानं अशी हाक मारली होती. "मग वाचवलं का काकानं?" त्यानं विचारलं. म्हटलं, "पुढं कधीतरी सांगेन."

उपाय तसा साधा होता. उतारावर समपातळीत दगडांच्या ओळी लावायच्या. ओळ गुडघ्याएवढीही उंच नको. पाणी तिथं अडखळतं, थकतं, माती टाकून पुढं जातं, आणि त्या मातीत गवत उगवतं. फक्त दोन पावसाळे तिथं जनावर जाता कामा नये. हे ज्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं ते मसाईंचे म्होरके पारमुआत. उंच, वाळलेले, अंगावर लाल पांघरूण, कानांच्या पाळ्या खांद्याला टेकतील अशा लोंबणाऱ्या. ते झोपडीसमोर तिपाईवर बसले होते. मी खाली मातीत बसले, झाब्लोन बोलणं पोचवायला शेजारी.

"आम्ही दगड लावत नाही," ते म्हणाले. "जो दगड लावतो तो पुढं म्हणतो, हे माझं."

"बाबा, हे दगड पाण्यासाठी आहेत. माणसांसाठी नाहीत."

त्यांनी मला मातीत बसलेलं निरखून पाहिलं. मग एकदम म्हणाले, "तुझा बाप काय करतो?"

"मेंढ्या राखतो."

"किती आहेत?"

"तेवढं विचारू नका बाबा. आकडा सांगितला की दृष्ट लागते. आमच्यात नाही सांगत."

पारमुआत पहिल्यांदाच हसले. समोरचे दोन दात नव्हते. "आमच्यातही नाही सांगत. आकडा सांगितला असतास तर तुला परत पाठवणार होतो." मग आत वळून त्यांनी माझ्यासाठी दूध मागवलं. लाकडी चंबूतल्या त्या दुधाला धुराचा वास होता, आणि मला थेट बापाच्या पालातली चूल आठवली.

त्याच दिवसांतली एक दुपार. झाब्लोनच्या आईनं मला चहाला बोलावलं होतं. माउलीला मी फार आवडायचे. ताटलीत शेंगदाणे, कपात चहा. गप्पांच्या ओघात मी सांगून गेले की ह्या दगडांच्या ओळीला आमच्या भाषेत बांध म्हणतात.

"बांध," झाब्लोननं म्हणून पाहिलं.

"हो. आणि दोन शेतांच्या मधल्या हद्दीलाही बांधच म्हणतात. आमच्या गावात अर्धी भांडणं बांधावरून. माझा एक चुलता होता. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरायचा. वीसेक वर्षांत गडी बिघाभर पुढं सरकला! कोर्टात काय म्हणाला माहितीय? साहेब, बांध मी कुठं हलवला? तो पावसानं हलला."

झाब्लोन इतका हसला की चहा सदऱ्यावर सांडला. "म्हणजे पाणी अडवायला तोच शब्द आणि शेजारी अडवायलाही तोच?"

"तोच."

"तुमची भाषा हुशार आहे, दादा." मग तो शेंगदाण्याची साल चोळत बसला. "आमच्याकडेही असे शब्द आहेत."

"कुठला?"

"सांगेन कधीतरी," तो म्हणाला.

मग बाभळीखाली मोठी बैठक झाली. दोन्हीकडची माणसं आली. पारमुआत उठले आणि मूठभर गवत शोधायला लागले. मसाई माणूस शब्द देतो तेव्हा हातात गवत धरतो. गवत हातात असताना बोललेलं मोडत नाहीत. पण तिथं गवत होतंच कुठं! शेवटी बाभळीच्या मुळाशी चार पिवळ्या काड्या सापडल्या. त्या उंच धरून पारमुआत बोलले, खालच्या लोकांना कळावं म्हणून मुद्दाम स्वाहिलीत. "मावे हाया नी म्पाका मजानी यारूदी." हे दगड आहेत गवत परत येईपर्यंत.

म्पाका म्हणजे पर्यंत. एवढं स्वाहिली मला तोवर आलं होतं. ते 'म्पाका' म्हणाले न म्हणाले तोच बायकांच्या पुढं उभ्या असलेल्या झाब्लोननं दोन्ही हात वर केले आणि आनंदानं ओरडला. त्यासरशी बायकांनी जिभा हलवून ती त्यांची आरोळी ठोकली. टाळ्या, शिट्ट्या, कुणी डबा बडवतोय. पुढचे शब्द त्या गलक्यात बुडाले. मी पारमुआतांच्या खांद्याला खांदा लावून उभी होते म्हणून मला ऐकू आले. मी पण टाळ्या वाजवल्या. वाटलं, बघा, काकाला किती आनंद झालाय!

काम सुरू झालं. पारदर्शक नळीत पाणी भरून पातळी काढायची, खुणा करायच्या, दगड लावायचे. आमच्याकडे म्हणतात, माथा ते पायथा. पाणी वरून येतं, म्हणून काम वरून धरायचं. मी हे समजावायला गेले तर झाब्लोन आधीच म्हणाला, "दादा, पहिली ओळ अगदी वर, मसाईंच्या झोपड्यांना लागूनच घेऊ या." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! शिकवल्याचं चीज झालं असं वाटलं. दगड मसाईंनीच वाहिले. त्यांच्या बायका पाठीवर चामड्याचा पट्टा घेऊन दगड आणत. पारमुआतांची सून नासेरियन दिवस भरत आलेले असताना दगड वाहत होती. मी रागावले तर म्हणाली, "पोटातल्यालाही दूध इथूनच मिळायचंय, मामा." तिला मुलगी झाली. तिचं नाव त्यांनी कुंदा ठेवलं.

पहिल्या पावसाळ्यानंतर संस्थेनं मला किनाऱ्याकडच्या कामावर धाडलं. निघताना झाब्लोन बसपर्यंत आला, डोळे पुसत. "उतार माझ्यावर सोड, दादा." मी त्याच्यावर सोडला. आणि कुणावर सोडणार होते?

दुसरा पावसाळा संपल्यावर निरोप आला की पारमुआत रान गुरांना मोकळं करणार आहेत, मामा कुंदा हजर पाहिजे. मी दिवसभर ट्रकनं हादरे खात पोचले. सकाळी माथ्यावरून उतार पाहिला आणि तिथंच उभी राहिले. गवत! कमरेएवढं, वाऱ्यावर लवणारं. घळींची तोंडं भरून आलेली. ओळीओळीला लाल माती साठून दगड अर्धे गाडले गेलेले. नासेरियन लेकीला कडेवर घेऊन आली. तिच्यामागं वासरं, पाठीवर हाडं दिसणारी, गवताच्या वासानं कान ताठ केलेली.

आणि सगळ्यात वरच्या ओळीच्या पलीकडं कुदळी घेतलेली खालची माणसं रांगेनं उभी होती. त्यांच्या मागं गवत कापून जमीन खणलेली दिसत होती, आणि ओलसर लाल मातीत सरीला सरी लागलेली.

"इकडं नाही," अध्यक्ष म्हणाले. "ओळीच्या पलीकडं राहा."

मला वाटलं गैरसमज झालाय. मी झाब्लोनला शोधलं. तो जमिनीच्या अधिकाऱ्याजवळ उभा होता. तालुक्याहून आलेला, घामेजलेला, कंटाळलेला माणूस. झाब्लोननं माझ्याकडं पाहिलं नाही. अंगात तोच निळा सदरा होता.

"साहेब, तंटा काहीच नाही," तो अधिकाऱ्याला सांगत होता. "बैठकीत सगळ्या गावासमोर पारमुआत हातात गवत धरून बोललेत. मावे हाया नी म्पाका. हे दगड म्हणजे हद्द. इथल्या कुणालाही विचारा."

"हद्द?" मी ओरडलेच. "म्पाका म्हणजे पर्यंत!"

"पर्यंत पण," झाब्लोन शांतपणे म्हणाला, "आणि हद्द पण. दोन्हीला तोच शब्द आहे."

हा तो शब्द. शेंगदाण्याची साल चोळत 'सांगेन कधीतरी' म्हणालेला. एका झटक्यात सगळं डोळ्यांपुढून गेलं. वर केलेले ते दोन हात. ती आरोळी. अगदी वरून घेतलेली पहिली ओळ, म्हणजे तिच्या खालचा सगळा उतार. मेल्यानं माझ्याच चुलत्याची गोष्ट माझ्याकडून ऐकली आणि माझ्याच हातानं बांध घालून घेतला. चुलत्याला वीस वर्षं लागली होती. ह्याला एक शब्द पुरला.

अधिकाऱ्यानं खालच्या लोकांना विचारलं. एकेक जण पुढं येऊन सांगे, हो, म्पाका म्हणाले. पुढं काही म्हणाले का? ऐकलं नाही साहेब. आणि ते खरंच सांगत होते, त्यांना ऐकूच आलं नव्हतं. मसाई ओरडून सांगत होते की पुढं 'गवत परत येईपर्यंत' होतं. अधिकारी म्हणाला, "तुम्ही तर असंच म्हणणार."

तेव्हा पारमुआत काठी टेकत पुढं आले. "मामा कुंदाला विचारा," ते म्हणाले. "ती ह्यांचीही नाही, आमचीही नाही. ती माझ्या शेजारी उभी होती."

मी पुढं झाले. माझ्या मोडक्यातोडक्या स्वाहिलीत मी अख्खं वाक्य म्हटलं, एकेक शब्द सुटा करून. म्पाका मजानी यारूदी. माझ्या कानांनी ऐकलंय. शपथेवर सांगते.

अधिकाऱ्यानं मान डोलावली. मला वाटलं, झालं, वाचलो. तोच झाब्लोन हसला. दुखवणारं नाही, मायेनं हसावं तसं.

"साहेब, बाई फार चांगल्या आहेत. पाहुण्या आहेत. पण त्यांच्या कानावर काय जाता! आल्या त्या दिवशी ह्यांनी अध्यक्षांना भर सभेत ताई म्हटलं होतं."

आधी एक बाई हसली, मग दुसरी. मग सगळी रांग कुदळींवर रेलून हसायला लागली. अध्यक्षांच्या मिशा हलल्या. शेवटी अधिकारीसुद्धा हसला, रुमालानं तोंड पुसत म्हणाला, "खरं का हो बाई?"

खरंच होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ज्या हसण्यानं मला त्या गावात घेतलं होतं त्याच हसण्यानं बाहेर काढलं.

निकाल तिथंच लागला. वरच्या ओळीखालचा उतार शेतीवाल्यांचा. अधिकारी जीपमध्ये बसून गेला.

मसाईंची तरणी पोरं पेटली. "दगड आम्ही वाहिलेत, आम्हीच उपटणार!" म्हणत त्यांनी वरच्या ओळीला हात घातला. दोन-तीन धोंडे गडगडत खाली गेलेही. मी स्वतः खाली वाकले होते, खोटं कशाला बोलू. एक दगड मीही उपसला.

"ठेव तो," पारमुआत म्हणाले.

"बाबा, ह्यांनी फसवलंय तुम्हाला!"

"ह्या लोकांनी फसवलंय. मातीनं आपलं काय बिघडवलंय? दगड काढलास तर ती वाहून जाईल." त्यांनी पोरांकडं पाहून मसाईत काहीतरी जोरात म्हटलं. पोरं दात-ओठ खात मागं सरली. दोघं तर रडत होती. मग एकजण उतरला, गडगडलेले धोंडे गोळा करून आणले आणि होते तिथं बसवले. मीही माझा बसवला.

पारमुआत वाकले आणि ओळीच्या कडेचं मूठभर गवत त्यांनी उपटलं. ह्या वेळी शोधावं लागलं नाही. ते त्यांनी माझ्या हातात दिलं. "मी म्हणालो होतो गवत परत येईपर्यंत. गवत परत आलं. माझा शब्द पुरा झाला."

मग वासरं वळवली. ओळ इतकी बुटकी की कुठलंही वासरू सहज ओलांडून जाईल. ती गवताकडं माना लांबवत होती आणि नासेरियन एका हातानं लेकीला सावरत दुसऱ्या हातानं त्यांना काठीनं मागं सारत होती. कडेवरची कुंदा वळून वळून माझ्याकडं बघत होती. पुढच्या उन्हाळ्यात ती माणसं तिथून उठून गेली असं मला नंतर कळलं. कुठं गेली ते कुणालाच सांगता आलं नाही.

मी तिथंच ओळीच्या वरच्या अंगाला उभी राहिले. खालची माणसं पांगली. झाब्लोन हळूहळू वर आला आणि दगडांच्या पलीकडं थांबला.

"दादा."

मी मुठीतल्या गवताकडं बघत राहिले.

"आम्ही पाच भाऊ. आईच्या वाट्याला शेत किती ते तू पाहिलंयस. मी काय करायला हवं होतं? त्यांचं काय, गुरांना पाय असतात. ती कुठंही जातील. शेताला पाय नसतात."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते. ज्या गावाच्या शिवारात बापाचा तळ पडे तिथं कुणी ना कुणी म्हणायचंच, तुमचं काय बाबा, मेंढरांना पाय आहेत, जा पुढं. आणि बाप मुकाट्यानं पाल उचलायचा. सात समुद्र ओलांडून आले ते हेच वाक्य ऐकायला, आणि तेही ज्याला भाऊ म्हणत होते त्याच्या तोंडून.

"चल," तो म्हणाला. आवाज खरंच ओला होता, हेच तर वाईट. "आईनं चहा ठेवलाय. तुझी वाट बघतेय. रागावू नकोस. त्या राजाची गोष्ट राहिलीय सांगायची. काकानं वाचवलं का त्याला?"

मी त्याच्याकडं पाहिलं. मग आमच्या दोघांच्या मधल्या त्या दगडांकडं बोट केलं.

"म्पाका," मी म्हणाले.

त्यानं मान थोडी पुढं केली. पर्यंत... कधीपर्यंत? मी पुढचं बोलेन म्हणून तो थांबून राहिला.

मी ते वाक्य पुरं केलं नाही.